सदूच्या नावाचा नारळ

सदू,

तुझा एक प्रश्न माझ्याकडे राहिला आहे. उत्तर मी तेव्हाच दिलं होतं, पण ते खोटं होतं. यंदाच्या शिमग्याहून मुंबईला परत जाताना आपल्या मांडवीच्या बंदरावर, आगबोटीकडे नेणाऱ्या पडावात एक पाय टाकून तू विचारलंस आणि मी थाप मारली. मनात म्हटलं, खरं काय ते पुढच्या शिमग्याला सांगू, घाई कसली आहे? मग नवरात्रात नाचणे गावातून तुझ्या आईचा निरोप आला, तार आली आहे, वाचायला ये. तार म्हटली की तिचे हातपाय गळतात, म्हणून तिला हसवायची तयारी करतच मी सायकल मारत गेलो. 'अगो, कुठली तरी शर्यत मारली असंल त्यानं,' असं उंबऱ्यातूनच सांगायचं ठरवलं होतं. तार इंग्रजी होती. तू विषमज्वरानं गेलास हे तुझ्या आईला मराठीत मी सांगितलं. ते काम तू मला द्यायला नको होतंस.

त्याला सव्वा महिना झाला. लोक दुकानाच्या फळीवर येऊन बसतात आणि तुझ्या शर्यती मोजतात. मोजू देत. मला आपलं भांडण पुरं करायचं आहे, आणि तू मध्ये तोंड घालू शकत नाहीस अशी संधी मला जन्मात पहिल्यांदा मिळाली आहे.

तू पहिल्यांदा आलास तो भाड्यानं सायकल मागायला. रामआळीच्या तोंडाशी आबांचं सायकलचं दुकान, मी तिथला फिटर, आणि तू कौलांच्या वखारीत कौलं वाहणारा एक काटकुळा माणूस. एका तासानं परत आलास, अंगावर हातभर लाल धूळ. आबांनी विचारलं, "कुठवर गेला होतास?"

"हातखंब्याला."

आबा हसले. हातखंबा आठ मैल, जाताना सगळा चढ, आणि आमची भाड्याची सायकल म्हणजे बैलगाडीची धाकटी बहीण. "मेल्या, थाप मारायची तर कुवारबावापर्यंतची मार. ती तरी पचेल."

तू सदऱ्याच्या आतून एक पुडकं काढलंस. हातखंब्याच्या नाक्यावर चहाचं खोपटं होतं, तिथली भजी. आबांनी एक भजं तोंडात टाकलं आणि चावता चावता थांबले. "दामू," मला म्हणाले, "हात लाव. गरम हायत."

वखारीचं काम त्याच आठवड्यात सुटलं. तू दुकानात आलास, पंक्चर काढायला शिकलास, वाईट काढायचास. आबांनी विलायती सायकल तुझ्यासाठी उघडून जोडली आणि मला सांगितलं, याच्या मुठींना काथ्या गुंडाळ. आपल्या दुकानची ती खूण होती. नारळाचा काथ्या भिजवून, ठेचून मऊ करायचा आणि मुठीला घट्ट वळायचा, म्हणजे घामानं हात सटकत नाही. माझा वळसा उलटा, डावरा आहे ना मी. तू म्हणायचास, डोळे मिटून मूठ धरली तरी दाम्यानं वळलेली कळते.

दिवाळीनंतरच्या शर्यतीची आपली रीत तुला सांगायला नको, पण हे उद्या दुसरं कुणी वाचलं तर त्यालाही कळू दे. वेशीवर वडाखाली राखणदाराचा पाषाण आहे, गावाची राखण करणारा देव. शर्यत तिथून भर दुपारी सुटते, पालीला वळसा घालून तिथंच परत येते. जाताना वारा पाठीशी असतो. येताना कुवारबावच्या सड्यावर, त्या उघड्या कातळी माळावर, समुद्राचा वारा तोंडावर असा येतो की पायडल मारावं आणि जागीच राहावं. म्हणून येताना मी पुढे आणि तू माझ्या चाकाला चाक लावून मागे. याला आपण वारा खाणं म्हणायचो. सड्याचा सगळा वारा मी खायचो आणि उतार लागला की बाजूला होऊन ओरडायचो, "सूट, सदू!" मग तू जो सुटायचास तो वडाखालीच थांबायचास. चार वर्षं तू पहिला आलास. मी कधी तिसरा, कधी पाचवा. लोक विचारायचे, दामू, तुला काय मिळतं यातून? मी म्हणायचो, माझं पोट वाऱ्यानंच भरतं.

पण त्याआधी गाऱ्हाणं. दुकानातली माणसं वडाखाली उभी राहायची, आबा नारळ ठेवायचे आणि राखणदाराला मोठ्यानं सगळं मागायचे. वाट साफ दे, कुणाची वाकडी नजर असेल ती त्याच्याच पायाखाली घाल, आणि शेवटी, आमच्या सदूला पहिला परत आण. प्रत्येक मागण्याला आपण मागून म्हणायचो, "व्हय म्हाराजा!" शर्यत संपली की ज्याच्या नावानं नारळ ठेवला त्यानंच तो फोडायचा. एका दुकानाचा एक नारळ, एक नाव.

मग मुंबईचा तो सायकलवाला शेठ आला. त्यानं पगारी सायकलस्वारांचा संघ काढला होता. तू जिंकलेली चौथी शर्यत त्यानं पाहिली आणि तुला बाजूला घेतलं. तिसऱ्या दिवशी मला मांडवीच्या पुळणीवर घेऊन गेलास आणि वाळूत बसलास.

"दाम्या, मी जातंय."

"कुठं?"

"मुंबईस. शेठकडं. नुस्ती सायकल मारायची, तेचाच पगार. पंप नाय, पंक्चर नाय."

"आबांना सांगितलंस?"

"तू सांग."

"वा रे वा! खाल्ल्या मिठाला जरा तरी जाग, सदू. सायकल दिली तुला आबांनी."

"सायकल दिली," तू म्हणालास. "पाय नाय दिले."

ते वाक्य मी पुढे कितीतरी वर्षं चघळलं. रागानं चघळलं, कारण ते खरं होतं. तू म्हणालास, वर्षातून एक दिवस मी राजा आणि बाकीचे दिवस दुसऱ्यांच्या ट्यूबा पाण्यात बुडवून बुडबुडे बघायचे, असं किती वर्षं? माझे पाय किती वर्षं असे राहतील? मला मुंबईच्या मैदानात गोऱ्या सोल्जरांबरोबर सुटून बघायचंय. आणि मग तू ते दुसरं सांगितलंस, जे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

"शेठ दोगांना घेतो म्हणालाय. तू पण चल. तुज्याबिगर माझा वारा कोण खाणार?"

आणि मी काय म्हणालो? "तुझा वारा खायला मी तुझा नोकर नाय. परत या रस्त्याला तोंड दाखवू नकोस."

तू उठलास, अंगावरची वाळू झाडलीस आणि गेलास.

आता तू नाहीस तर खरं बोलतो. मी राहिलो त्याला सगळे निष्ठा म्हणाले, मीही म्हणू दिलं. आबांना दमा होता, मूल नव्हतं, त्यांना सोडून जाणं मला जमलं नसतं, हे खरंच आहे. पण पडावात बसलो की मला ओकारी होते हेही खरं आहे. आणि त्याहून खरं म्हणजे मला भीती वाटली. इथं मी दामू फिटर, सदूच्या पुढे चालणारा. मुंबईत त्यांनी मला एकट्याला पळायला लावलं असतं आणि दोन दिवसांत ओळखलं असतं की या माणसाला वारा खाण्याखेरीज काही येत नाही. तू भ्याला नाहीस. मी भ्यालो, आणि त्या भीतीला निष्ठेचा सदरा घालून गावात फिरवला.

आबांना मी सांगितलं तेव्हा ते चाकाच्या तारा ओढत होते. हात थांबला नाही. "गेला तर गेला," म्हणाले. "सांगून गेला असता तर हातावर दही घातलं असतं." तुझी सायकल त्यांनी खुंटीला टांगली आणि कुणाला काढू दिली नाही.

तीन वर्षं आपण बोललो नाही. पण भाद्रपदात आगबोटी सुरू झाल्या की तुझं कार्ड यायचं. पत्ता, आणि मध्ये दोनच शब्द: काथ्या पाठव. नमस्कार नाही, सही नाही. मीही तितकाच अकडू. काथ्या भिजवायचो, ठेचायचो, जुडी बांधून ओळखीच्या खलाशाकडे द्यायचो, चिठ्ठी नाही. अबोला असा पाळावा. मुंबईहून येणारे चाकरमानी सांगायचे की शेठच्या सगळ्या सायकलींना गुळगुळीत रबरी मुठी आहेत आणि सदूच्या सायकलीला रानटी काथ्या. शेठनं टोकलं तर सदू म्हणाला, आमच्या दुकानात असाच असतो. आमच्या दुकानात! निळं बनियन शेठचं, पगार शेठचा, आणि दुकान मात्र रामआळीतलं.

तू सोल्जरांना हरवलंस ती बातमीही अशीच आली. शेवटच्या फेरीला तू तिसरा होतास, पुढच्या दोघांच्या मध्ये हात जाईल एवढी फट होती, आणि तू त्या फटीतून निघालास. मी ती शर्यत पाहिली नाही. पण दुकानात पंप मारायला येणाऱ्या माणसाला मी ती अशी सांगतो की त्यानं विचारावं, तुम्ही कुठं उभे होता? मी म्हणतो, अगदी कडेला. बोलणं बंद होतं तेव्हासुद्धा मी ती सांगायचो, आणि सांगताना माझी छाती चार बोटं फुगायची.

तिसऱ्या वर्षी शेठ आपला संघ घेऊन आपल्या शर्यतीला आला. आम्ही रघूला तयार केला होता, आबांच्या बहिणीचा मुलगा, घोटीव पायांचा. वर्षभर मी त्याच्यापुढे वारा खाल्ला. आबांची एकच इच्छा होती, मुंबईच्या पैशापुढे दुकानाचा आब राहू दे, आपला माणूस पहिला येऊ दे. त्या दिवशी सकाळी आबा गळ्याला मफलर बांधून आले. आवाज बसला होता, नुसती हवा निघत होती. नारळ माझ्या हातात देऊन त्यांनी खुणेनं सांगितलं, गाऱ्हाणं तू घाल.

तू वडापासून दहा पावलांवर उभा होतास, निळ्या बनियनात, शेठच्या माणसांबरोबर. मी नारळ ठेवला, हात जोडले.

"बा देवा राखणदारा म्हाराजा! तुज्या लेकरांनी हा जो काय नारळ ठेवलाय, तो गोड मानून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"वाटंत खडा असंल, काटा असंल, तो बाजूला कर. कुणाची वाकडी नजर असंल, ती तेच्याच पायाखाली घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आन् आमच्या सदूला जसा न्हेतोस, तसा पयला परत आण रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळे म्हणाले. रघूसुद्धा म्हणाला, बिचारा. आणि दहा पावलांवरून आणखी एक आवाज आला, सगळ्यांच्या आवाजात मिसळून, बरोबर वेळेवर. तुझा. म्हणून झाल्यावर तू मान खाली घातलीस.

मग एकच गलका. रघू म्हणाला, दुसरा नारळ आणा. कुणी म्हणालं, पुन्हा घाला गाऱ्हाणं, जीभ घसरली देवालाही कळतं. आबांनी हात वर केला. नाही, अशी मान हलवली आणि बसल्या आवाजात पुटपुटले, "देवाकडं एकदा मागितलं ते मागितलं. शब्द फिरवायचा नाय." शर्यत सुटली.

सड्यावर मी रघूच्या पुढे होतो. जीव तोडून वारा खाल्ला, यात खोट नाही, राखणदार साक्षी आहे. तुझ्यापुढे शेठचा एक पहिलवान होता, त्याला वारा कसा कापतात हे ठाऊकच नव्हतं. सड्याच्या मध्यावर तू त्याला सोडलंस आणि एकटाच वाऱ्यात शिरलास. चार वर्षं जो वारा मी तुला लागू दिला नव्हता तो सगळा तू एकट्यानं अंगावर घेतलास, आणि आमच्यापासून वीत वीत लांब जात राहिलास. मला हरल्यासारखं वाटायला हवं होतं. मला ओरडावंसं वाटत होतं, बघा, हा आमच्यातला आहे!

तू पहिला, रघू दुसरा. शेठनं हार आणला होता. तू तो घेतला नाहीस, वडाखाली आलास आणि नारळाकडे बघत उभा राहिलास. नारळ तुझ्या नावाचा, पण दुकान सोडलेलं. तेव्हा आबा म्हणाले, "फोड!" एवढ्या मोठ्यानं की वडावरचे कावळे उडाले. तू फोडलास. पहिला तुकडा आबांच्या हातावर ठेवलास, दुसरा रघूच्या, तिसरा माझ्या. आबांनी दुकानातून वाटीभर दही मागवलं आणि तुझ्या तळहातावर घातलं, तीन वर्षं उशिरा. तू ते चाटलंस आणि लहान मुलासारखा रडलास. दह्यानं नाक माखलं होतं, फार वाईट दिसत होतास.

त्यानंतर आपण बोलायला लागलो. दर शिमग्याला तू यायचास, दुकानाच्या फळीवर बसायचास आणि वारा कसा खायचा हे शेठच्या नव्या पोरांना जसं शिकवायचास तसं मलाच शिकवायचास. दर वेळी एकदा तरी भांडायचो. तू म्हणायचास, मी गेलो म्हणून तुमच्या काथ्याला मुंबईनं ओळखलं. मी म्हणायचो, मी राहिलो म्हणून तुला काथ्या मिळाला. हे काही मिटायचं नव्हतं, आणि मिटावं असं दोघांनाही वाटत नव्हतं.

आणि यंदा, पडावात एक पाय टाकून, तू विचारलंस. "दाम्या, खरा सांग. त्या दिवशी गाऱ्हाण्यात तुझी जीभ घसरली, का मुद्दाम माझं नाव घेतलंस?"

"घसरली रे," मी म्हणालो. "चार वर्षांची सवय."

"वाटलंच मला," म्हणून तू हसलास. पण तोंड उतरलं तुझं, ते मी पाहिलं. पडाव लांब गेला तरी तू मागे वळून हात केला नाहीस. त्या एका उत्तरानं मी तुझ्याकडून काय काढून घेतलं ते तार वाचताना मला कळलं. इतकी वर्षं तुला जाणून घ्यायचं होतं की तू सोडून गेल्यावरही आम्ही तुझ्या बाजूनं होतो का. आणि मी म्हणालो, नाही, चुकून.

तर ऐक. जीभ घसरली नव्हती. सकाळी उठल्यापासून मी रघूचं नाव घोकत होतो. नारळ ठेवताना वर पाहिलं तर तू सायकलीवर वाकून मुठीचा काथ्या घट्ट करत होतास. माझाच, उलट्या वळशाचा. देवापुढे उभं राहून तुझ्यापेक्षा कुणीतरी वेगवान असू दे असं मागायला माझं तोंड उघडेना. पूर्ण शुद्धीवर, ठरवून, मी तुझं नाव घेतलं. म्हणजे तुला मिठाला जाग म्हणणारा मी, त्याच मिठावर जगत असताना, दुकानाचा नारळ परक्या संघाच्या माणसाला देऊन बसलो. तू तर सोडून जाऊन मग पलीकडून लढलास, सरळ. बेइमानी कुणी केली असेल तर मी केली, आणि वर सात वर्षं निष्ठावंत म्हणून मिरवलो.

काल शर्यत होती. आबा आता काठीनं चालतात, त्यांनी नारळ माझ्याकडे दिला. गाऱ्हाणं घालण्याआधी मी सगळ्यांसमोर हे सांगून टाकलं. रघू आता दोन पोरांचा बाप आहे. तो म्हणाला, "म्हंजे मी तुज्या चुकीनं हरलो नाय. सदूनंच हरवला मला. मग बरा हाय." आबा काठीवर हनुवटी टेकून बसले होते. मी त्यांच्यापुढे जाऊन म्हणालो, आबा, चुकलो.

"आवाज कुठं बसला हुता माझा, मेल्या," आबा म्हणाले. "भाचा समोर उभा, आन् मी गाऱ्हाणं घातलं असतं तर सदूचंच नाव तोंडात आलं असतं. म्हणून तुला पुढं केला. म्हटलं, दामू इमानी हाय, तो तरी रघूचं नाव घेईल."

आम्ही दोघंही हसलो, सदू. वडाखाली म्हातारा आणि फिटर, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग मी नारळ ठेवला. गावच्या पोरांसाठी मागितलं, आणि शेवटी मागितलं, आमचा सदू जिथं असंल तिथं तेला पाठीशी वारा दे रे म्हाराजा. सगळ्यांत मोठा होकार आबांचा होता. मी उगाच दहा पावलं पलीकडे पाहिलं.

तुझी मुंबईची सायकल तुझ्या आईनं मला दिली आहे. काल तीच चालवली. या वयात मी कुणाला गाठतो? पालीलाच सगळे पुढे गेले, सड्यावर मी एकटा. वारा होता, खाल्ला. मागे कुणी नाही हे मला ठाऊक होतं. तरी उतार लागला तसा मी बाजूला झालो, रस्ता मोकळा केला आणि छाती भरून ओरडलो, "सूट, सदू!"

हीसुद्धा सवय नव्हती.